'क्वायीटस' : मरण, ऋण आणि फारखत

१

इंग्रजीत मृत्यूसाठी क्वचित वापरला जाणारा 'क्वायीटस' हा शब्द जन्माने हिशेबनिसाच्या दप्तरातला आहे. 'क्विएतुस एस्त', म्हणजे 'तो मुक्त आहे', 'त्याच्याकडे काही येणे उरलेले नाही', या मध्ययुगीन लॅटिन वाक्याचा तो अवशेष होय. बाराव्या शतकातील इंग्लंडमध्ये परगण्यांचे शेरिफ, म्हणजे राजाच्या वतीने महसूल गोळा करणारे अधिकारी, वर्षाचा हिशेब देण्यासाठी राजकोषागारात हजर होत. चौकटी आखलेल्या कापडाच्या मेजावर सोंगट्या मांडून वसूल आणि बाकी यांचा मेळ घातला जाई. तो चर्मपत्राच्या गुंडाळ्यांवर उतरवला जाई आणि सर्व येणे भरले गेले की नोंदीच्या शेवटी हे दोन शब्द पडत. अशा गुंडाळ्यांपैकी आज उपलब्ध असलेली सर्वांत जुनी ११३० सालची आहे. विश्रांती या अर्थाच्या ज्या लॅटिन धातूपासून हा शब्द आला, त्याच धातूपासून इंग्रजीतील 'क्वायट' (शांत), 'क्विट' (सोडून जाणे), 'अक्विट' (दोषमुक्त करणे) आणि 'रिक्वाइट' (परतफेड करणे) हे शब्दही आले. शांतता, सोडून जाणे, निर्दोषत्व आणि परतफेड हे चार अर्थ एकाच कुळात नांदतात. नैतिक विचाराच्या दृष्टीने ही गोष्ट दुर्लक्षिण्यासारखी नाही.

शब्दाचा पुढील प्रवास सरळ दिसतो. वाक्यातील क्रियापद गळाले आणि 'क्वायीटस' हे नाम शिल्लक राहिले. प्रथम त्याचा अर्थ 'देणे फिटल्याची लेखी कबुली' असा होता, मग 'पदावरून किंवा कर्तव्यातून मोकळीक' असा झाला, त्यानंतर 'आयुष्यातून मोकळीक', म्हणजे मरण. पुढे 'क्वायट'शी असलेल्या ध्वनिसाम्यामुळे 'गप्प करणारा शेवटचा घाव' ही छटाही त्याला चिकटली. आज शब्दकोशाबाहेर तो भेटतो तो बहुधा या शेवटच्या अर्थानेच. हिशेब विसरला गेला, शांतता तेवढी उरली.

रूपक जुने झाले की त्यातला व्यवहार पुसला जातो आणि निष्कर्ष मात्र टिकून राहतो. 'मरण म्हणजे फिटलेले देणे' असे जेव्हा भाषा म्हणते, तेव्हा ती एक दावा करीत असते. देणे कोणाचे, कोणाला, किती, आणि ते फिटले असे लिहून देण्याचा अधिकार कोणाचा, हे प्रश्न त्या दाव्यात गृहीत धरलेले असतात. ते पुन्हा उघडून पाहिले, तर एका अपरिचित इंग्रजी शब्दाची चर्चा मराठी समाजाच्या एका अत्यंत परिचित दुखण्यापाशी येऊन ठेपते.

२

या शब्दाला साहित्यात अमरत्व दिले ते शेक्सपिअरने. 'हॅम्लेट'मधील सर्वांत प्रसिद्ध स्वगतात नायक जगण्याच्या जाचांची यादी करतो. जुलमी माणसाचा अन्याय, न्यायाला लागणारा विलंब, अधिकाऱ्यांचा उद्धटपणा असे ओझे वाहताना माणूस स्वतःच्या हाताने आपले 'क्वायीटस' का करून घेत नाही, असा त्याचा प्रश्न आहे. १६०३ च्या पहिल्या छापील पाठात याच शब्दामागे 'पूर्ण' या अर्थाचे विशेषणही आहे. 'पूर्ण चुकते' ही भाषा सरळ वहीतली आहे. यादीतील जाचही पाहण्याजोगे आहेत. त्यातील बरेचसे कचेरी आणि न्यायालय यांच्या दारात सोसावे लागणारे आहेत. त्यामुळे तेथे हिशेबाच्या परिभाषेतला शब्द येणे योगायोगाचे वाटत नाही.

मात्र या वापरात एक विसंगती दडलेली आहे. कोषागाराच्या व्यवहारात शेरिफ स्वतःचे मुक्तिपत्र स्वतः लिहू शकत नसे. ते लिहिण्याचा अधिकार येणेकऱ्याकडे, म्हणजे राजाच्या वतीने बसलेल्या हिशेबतपासनिसांकडे असे. ऋणकोने स्वतःच 'फिटले' असे लिहिले, तर तो व्यवहार राहत नाही. ती खोटी नोंद ठरते. हॅम्लेट कल्पना करतो ती नेमकी या खोट्या नोंदीची. म्हणून स्वगताची पुढची वाटचाल अटळ ठरते. मृत्यूच्या पलीकडे काय आहे, याची भीती त्याला थांबवते. हिशेबाच्या भाषेत सांगायचे, तर तपासणी अजून व्हायची आहे आणि ती दुसऱ्याच कोणाच्या तरी मेजावर होणार आहे, हे त्याला उमगते. रूपक ज्या आधारावर उभे होते, तोच आधार स्वगत आपल्या हाताने काढून घेते.

१६०९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सुनीतांपैकी १२६ व्या रचनेत हाच शब्द पुन्हा येतो आणि तेथे त्याच्यासोबत 'हिशेबतपासणी' हा शब्दही आहे. सुंदर तरुणाला निसर्गदेवता कितीही काळ जपून ठेवो, तिला एक दिवस हिशेब द्यावाच लागेल आणि त्याला काळाच्या स्वाधीन करूनच तिला मुक्तिपत्र मिळेल, असा तिचा आशय आहे. येथे ऋणको आहे निसर्ग आणि येणेकरी आहे काळ. मरणारा माणूस या व्यवहारात पक्षकारच नाही, तो केवळ चुकती करावयाची रक्कम आहे. दोन्ही संहिता एकत्र वाचल्या म्हणजे शब्दातील नैतिक ताण स्पष्ट होतो. स्वगतात माणूस आपणच आपली सुटका लिहू पाहतो, सुनीतात माणसाच्या मोबदल्यात दुसऱ्याची सुटका लिहिली जाते.

इतिहासही या रूपकाला साथ देत नाही. ज्या देशात हा शब्द घडला, तेथे राजाचे देणे देणेकऱ्याच्या मरणाने संपत नसे. १२१५ च्या मॅग्ना कार्टातील २६ वे कलम असे आहे की, मृत मनुष्य राजाचा ऋणको असल्याचे शेरिफने दाखवले, तर त्या देण्याच्या किमतीइतकी त्याची जंगम मालमत्ता अडकवून ठेवता येईल आणि देणे फिटल्यावर जे उरेल ते मृत्युपत्राच्या व्यवस्थेप्रमाणे जाईल. मरण आले म्हणून 'क्विएतुस एस्त' लिहिले जात नव्हते. कवीने मृत्यूला जे नाव दिले, ते त्या व्यवस्थेच्या लेखी असत्य होते.

३

गोपाळ गणेश आगरकरांचे 'विकारविलसित' हे 'हॅम्लेट'चे भाषांतर १८८३ मध्ये प्रसिद्ध झाले. तेव्हापासून या स्वगताने मराठी मनाचा पाठलाग सोडलेला नाही. शिरवाडकरांच्या 'नटसम्राट'मधील (१९७०) स्वगतापर्यंत त्याचे पडसाद पोहोचले आहेत. 'क्वायीटस'पुढे आलेल्या मराठी भाषांतरकाराला भाषा तीन वाटा देते. पहिली 'शेवट', 'अंत' यांची. ती निर्धोक आहे, पण हिशेब गमावणारी. दुसरी 'सुटका' या शब्दाची. तिसरी दप्तरातली, 'फारखत', 'बेबाकी', 'चुकते' यांची.

'फारखत' हा शब्द 'क्वायीटस'चा जवळजवळ सख्खा भाऊ शोभतो. 'फारिग', म्हणजे मोकळा, आणि 'खत', म्हणजे लेख, यांपासून बनलेला हा शब्द 'देणे पावले, आता दावा उरला नाही' असे येणेकऱ्याने लिहून दिलेल्या कागदाचा वाचक आहे. त्याचा प्रवास मात्र निराळ्या दिशेने झाला. इंग्रजी शब्द मरणाकडे गेला, मराठी शब्द 'फारकत' होऊन नवराबायकोच्या ताटातुटीकडे गेला. मराठीने मोकळिकीचा कागद जिवंत माणसांच्या नात्यासाठी राखून ठेवला. फारकतीनंतर दोन्ही पक्ष आपापल्या वाटेने चालू लागतात. शेरिफही मुक्तिपत्र घेऊन घरीच जात असे. मुक्त झालेल्याने नंतर जगायचे असते, ही मूळ व्यवहाराची अट मराठीत शाबूत राहिली.

मरणासाठी मराठीने दुसरे शब्द घेतले आणि ते फार बोलके आहेत. 'गेला', 'वारला', 'निवर्तला' हे तटस्थ आहेत. 'कैलासवासी' आणि 'वैकुंठवासी' हे मृताचा पत्ता सांगतात. 'देवाज्ञा झाली' हे घटनेचा कर्ता बदलते. 'खपला' या क्रियापदात कष्टणे, विकले जाणे आणि मरणे हे तिन्ही अर्थ एकत्र आहेत. श्रमिकाच्या आयुष्याचा एवढा संक्षिप्त सारांश दुसऱ्या शब्दात सापडणे कठीण. पण 'क्वायीटस'च्या सर्वांत जवळ जातो तो 'सुटला'. शाळा सुटते, गाडी सुटते, गाठ सुटते, कैदी सुटतो, प्रसूतीनंतर सुखरूप सुटका झाली असे म्हणतात आणि दीर्घ दुखण्यानंतर माणूस गेला की 'सुटला बिचारा' असे शेजारीपाजारी म्हणतात.

हा उद्गार निर्मळ असू शकतो आणि नसूही शकतो. अंधेरी-घाटकोपरच्या एका खोलीत व स्वयंपाकघरात वर्षानुवर्षे अंथरुणाला खिळलेल्या सासूचे सारे करणारी सून असते. सासू गेल्यावर 'सुटली' असे जेव्हा म्हटले जाते, तेव्हा त्या क्रियापदाचा कर्ता कोण, हे व्याकरण सांगते त्याहून वेगळे असू शकते. शुश्रूषा करणाऱ्याच्या थकव्याला मान्यता देणारा शब्द समाजापाशी नसतो. त्यामुळे ती मान्यता मृताच्या नावावर जमा केली जाते. यात दांभिकता पाहणे कठोरपणाचे होईल. परंतु ज्याची सुटका झाली त्याला ती अनुभवता येत नाही आणि ज्यांना अनुभवता येते ते ती बोलून दाखवू शकत नाहीत, ही कोंडी या शब्दाने झाकली जाते हे नाकारता येत नाही.

४

मरण आणि ऋण यांचा संबंध भारतीय परंपरेत पाश्चात्त्यांपेक्षा अधिक खोल आहे. तैत्तिरीय संहितेप्रमाणे ब्राह्मण जन्मतःच तीन ऋणे घेऊन येतो. ऋषींचे ऋण ब्रह्मचर्याने, देवांचे यज्ञाने आणि पितरांचे प्रजेने फेडायचे असते. शतपथ ब्राह्मणात मनुष्यऋणाची भर घालून ती चार होतात. त्याच ग्रंथात अन्यत्र पुरुष जन्मतःच आपल्या देहासह मृत्यूचे ऋण असतो, असा विचार आला आहे. मृत्यू येथे सावकार आहे आणि आयुष्य ही त्याच्याकडून मुदतीने घेतलेली रक्कम. पण म्हणून मरणे म्हणजे ऋणमुक्त होणे, असा निष्कर्ष हे ग्रंथ काढत नाहीत. यज्ञाच्या द्वारे माणूस स्वतःला मृत्यूकडून सोडवून घेतो, असे ते सांगतात. मनुस्मृतीच्या सहाव्या अध्यायात तीन ऋणे फेडल्यावरच मोक्षाकडे मन लावावे आणि न फेडता तसे करणारा अधोगतीला जातो, असे बजावले आहे. म्हणजे मुक्ती ही परतफेडीच्या पुढची पायरी आहे, परतफेडीला पर्याय नाही. लोकसमजुतीतला चित्रगुप्तही हेच सांगतो. त्याची वही मरणाने मिटत नाही, ती मरणानंतर वाचली जाते.

धर्मशास्त्राने हा विचार व्यवहारात आणला. मनूच्या अठरा व्यवहारपदांत पहिले ऋणादान आहे. बापाचे ऋण पुत्रपौत्रांनी फेडावे, असा याज्ञवल्क्याचा दंडक आहे. जुगार, मद्य अशा कारणांसाठी काढलेले कर्ज तेवढे त्यातून वगळले आहे. ब्रिटिश न्यायालयांनी या धर्मकर्तव्याला कायद्याचे बळ दिले. त्यातली जाचकता मुंबई इलाख्यात इतकी जाणवली, की १८६६ च्या कायद्याने हिंदू वारसाची जबाबदारी वारशाने मिळालेल्या मालमत्तेपुरती मर्यादित करावी लागली. पुत्राच्या धर्मकर्तव्याचा सिद्धान्त मात्र बराच काळ टिकून राहिला. २००५ च्या हिंदू उत्तराधिकार दुरुस्ती कायद्याने, त्यानंतर काढलेल्या कर्जांपुरता तो रद्द केला. मृताच्या कपाळी 'क्वायीटस' लिहिण्याऐवजी त्याची बाकी पुढच्या पानावर ओढणे, ही येथील हिशेबाची रीत होती.

याच परंपरेत ऋणाची दुसरी एक जाणीवही आहे. 'आपल्या ऋणात राहणे पसंत करतो' हे वाक्य मराठीत आभाराचे आहे. 'ऋणानुबंध' हा शब्द फिटलेल्या व्यवहाराला लागत नाही. न फिटलेले काही तरी जन्मजन्मांतरी माणसांना एकमेकांकडे ओढत राहते, अशी त्यामागची कल्पना आहे. आईचे देणे फेडले असे कोणी सांगू लागला, तर ऐकणाऱ्याला तो कृतघ्न वाटेल. यावरून ऋणाचे दोन वर्ग मानावे लागतात. एक ऋण असे की ते जिवंतपणीच फिटले पाहिजे किंवा सोडले गेले पाहिजे, कारण ते माणसाला चिरडते. दुसरे असे की त्यात राहणे हेच नात्याचे रूप आहे. 'क्वायीटस' हा शब्द या दोहोंना एकाच खात्यात टाकतो आणि एकाच रेघेने दोन्ही कापतो. त्याचे खरे नैतिक वैगुण्य येथे आहे. सावकाराच्या जाचातून मोकळा होऊ पाहणारा माणूस त्याच क्षणी ज्यांच्या ऋणानुबंधात तो आहे, त्यांचेही खाते परस्पर बंद करतो.

५

महाराष्ट्राच्या इतिहासात ऋणाच्या कागदाशी माणसांनी तीन प्रकारे वर्तन केल्याचे दिसते. हे तीन प्रकार शेजारी ठेवले, तर प्रश्नाची नैतिक रचना उघड होते.

पहिला प्रकार येणेकऱ्याचा. संतचरित्रांच्या परंपरेनुसार, दुष्काळात घर उद्ध्वस्त झाल्यावर तुकारामांनी वडिलार्जित सावकारीची खते काढली, धाकट्या भावाचा वाटा त्याला दिला आणि आपल्या वाट्याची खते इंद्रायणीत बुडवली. ही कथा बहुधा वैराग्याची कथा म्हणून सांगितली जाते. ती न्यायाचीही कथा आहे. मुक्तिपत्र देण्याचा अधिकार ज्याच्याकडे होता, त्यानेच ते दिले. भावाच्या वाट्याला हात न लावण्याची काळजीही त्याने घेतली, कारण दुसऱ्याचे येणे माफ करण्याचा अधिकार त्याचा नव्हता. 'क्विएतुस एस्त' या वाक्याचा याहून शुद्ध मराठी अनुवाद दाखवता येणार नाही.

दुसरा प्रकार ऋणकोचा. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे बाजाराच्या दिवशी शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर चाल केली आणि तेथून उठाव पुणे व अहमदनगर जिल्ह्यांतील अनेक गावांत पसरला. अमेरिकेतील यादवी संपल्यावर कोसळलेले कापसाचे भाव, वाढलेला सारा आणि न्यायालयाच्या हुकूमनाम्यांनी सावकाराच्या हाती गेलेल्या जमिनी ही त्यामागची कारणे होती. उठावाचे लक्ष्य होते रोखे आणि वह्या. ते हाती पडले की जाळले जात. जेथे सावकाराने ते निमूटपणे दिले, तेथे त्याच्या अंगाला बहुधा हात लागला नाही. हॅम्लेटप्रमाणे येथेही ऋणको आपले मुक्तिपत्र आपणच लिहीत होता. फरक एवढाच, पण निर्णायक, की त्याने देह आणि कागद यांची गल्लत केली नाही. त्याने कागद जाळला आणि तो जगला. बेकायदा असूनही या कृत्याने शासनाला एक सत्य मान्य करायला लावले. १८७९ च्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्याने रोख्यामागचा खरा व्यवहार तपासण्याचा अधिकार न्यायालयाला दिला आणि भरलेल्या रकमेची पावती व हिशेबाचा उतारा मागण्याचा हक्क शेतकऱ्याला दिला. पावतीचा हक्क म्हणजेच 'क्वायीटस'चा हक्क, आणि तो जिवंत माणसाला मिळाला.

तिसरा प्रकार विसाव्या शतकाच्या अखेरीस समोर आला. १९ मार्च १९८६ रोजी यवतमाळ जिल्ह्यातील चिलगव्हाणचे शेतकरी साहेबराव करपे यांनी पत्नी आणि मुले यांच्यासह आयुष्याचा शेवट केला. महाराष्ट्रातील शेतकरी आत्महत्यांची सार्वजनिक गणना या घटनेपासून सुरू होते आणि अलीकडे दरवर्षी त्या दिवशी अन्नत्याग केला जातो. या घटनेपुढे 'क्वायीटस'ची भाषा लुळी पडते. मुलांच्या नावावर कोणतेही खत नव्हते. त्यांच्या बाबतीत 'आत्महत्या' हा शब्दही लागू पडत नाही. एकाच्या हिशेबात इतरांची आयुष्ये रक्कम म्हणून जमा झाली. सुनीतातील ऋणकोने तिसऱ्याला काळाच्या स्वाधीन करून आपली सुटका मिळवावी, तसा हा भीषण अन्वय आहे. तो त्या हतबल माणसावर ठेवायचा ठपका नव्हे. माणूस हीच परतफेड मानणारी व्यवस्था एखाद्याच्या मनात किती खोल उतरू शकते, याची ती साक्ष आहे.

शासनाने या मरणांना जे शब्द दिले, तेही तपासण्याजोगे आहेत. २००५-०६ पासून मृत शेतकऱ्याच्या कुटुंबाला एक लाख रुपये मदत देताना आत्महत्यांची 'पात्र' आणि 'अपात्र' अशी वर्गवारी होऊ लागली. जमीन नावावर असणे, बँक, सहकारी संस्था किंवा परवानाधारक सावकार यांचे कर्ज असणे आणि वसुलीचा तगादा असणे अशा अटी त्यासाठी आहेत. विनापरवाना सावकाराचे कर्ज या व्याख्येत बसत नाही. शेतात राबणारी, पण सातबाऱ्यावर नाव नसलेली स्त्री या व्याख्येत शेतकरी ठरत नाही. पी. साईनाथ यांनी या वगळण्यांकडे सातत्याने लक्ष वेधले आहे. मरणानंतर हिशेबतपासणीचे मेज मांडले जाते, पण मुक्तिपत्र लिहिण्याऐवजी तेथे मृताची पात्रता लिहिली जाते.

'कर्जमाफी' आणि 'कर्जमुक्ती' या शब्दांतील वादही केवळ शाब्दिक नाही. माफी अपराध्याला असते. शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेने 'मुक्ती' या शब्दाचा आग्रह धरला, कारण शासनाच्या भावधोरणातूनच हे कर्ज उभे राहिले आहे, असे तिचे प्रतिपादन होते. मग माफी कोणी कोणाला करायची? २०१९ मधील राज्य शासनाच्या योजनेच्या नावात 'कर्जमुक्ती' हा शब्द आला. 'सातबारा कोरा करा' ही घोषणा तर 'क्विएतुस एस्त'चे लोकभाषेतील रूपच आहे. सातबाऱ्यावरील कर्जाच्या नोंदीला 'बोजा' म्हणतात. खचलेला माणूस स्वतःविषयी हाच शब्द वापरतो : 'माझा घरावर बोजा आहे.' जमिनीच्या उताऱ्यावरचा शब्द माणसाच्या उताऱ्यावर चढतो, आणि जो बोजा कागदावरून उतरवायचा होता तो देहावरून उतरवला जातो. पण कागद तसाच राहतो आणि पुढची ओळ त्याच्या विधवेच्या नावाने सुरू होते.

६

येथे एक आक्षेप संभवतो. प्रत्येक स्वेच्छामरण ऋणाच्या जाचातून येत नाही. माणसाला आपला हिशेब शांतपणे पुरा करण्याचा अधिकार नाही काय? या आक्षेपाचा सर्वांत गंभीर आधार जैन परंपरेत आहे. घाटकोपर-मुलुंडसारख्या उपनगरांत जैन समाजाची मोठी वस्ती आहे आणि तेथे 'संथारा' हा शब्द अपरिचित नाही. मराठी मुलखात आचार्य शांतिसागर यांनी १९५५ मध्ये कुंथलगिरी येथे सल्लेखना घेऊन देह ठेवला. जैन परिभाषा 'बालमरण' आणि 'पंडितमरण' असा भेद करते. पहिले अजाणतेपणाचे, दुसरे विवेकाचे. राजस्थान उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१५ मध्ये या प्रथेला आत्महत्या ठरवले आणि त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने त्या निर्णयाला स्थगिती दिली.

परंतु शास्त्राच्या अटी पाहिल्या, तर हा आधार आक्षेपकाला वाटतो तितका सरळ नाही. समंतभद्रांच्या 'रत्नकरंड श्रावकाचारा'त उपाय नसलेले संकट, दुर्भिक्ष, जरा आणि रोग हेच प्रसंग सांगितले आहेत. तत्त्वार्थसूत्रात सल्लेखनेचे जे दोष मोजले आहेत, त्यांत जगण्याच्या इच्छेबरोबर 'मरणाशंसा', म्हणजे मरणाची इच्छा, हाही दोष आहे. व्रत घेणाऱ्याने सर्वांची क्षमा मागायची आणि सर्वांना क्षमा करायची असते, गुरूची अनुज्ञा घ्यायची असते. ज्यांचे ज्यांचे काही देणे लागते, त्यांच्याकडून आधी फारखत घ्यायची, असाच त्याचा अर्थ होतो. स्वतःचे मुक्तिपत्र स्वतः लिहिण्याची मुभा ही परंपराही देत नाही.

आधुनिक कायदाही अडखळत याच प्रश्नाशी आला आहे. आत्महत्येचा प्रयत्न हा गुन्हा ठरवणारे कलम मुंबई उच्च न्यायालयाने १९८६ मध्ये घटनाबाह्य ठरवले. सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये तीच भूमिका घेतली आणि १९९६ मध्ये ती फिरवली. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने अशा माणसाला तीव्र तणावाखाली असलेला मानून त्याची काळजी घेणे हे शासनाचे कर्तव्य ठरवले, आणि २०२४ मध्ये लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ते जुने कलम उरले नाही. येणेकऱ्याच्या जागी बसून जाब विचारणारे राज्य आता निदान कागदोपत्री ऋणकोच्या जागी आले आहे. अरुणा शानभाग प्रकरणात २०११ मध्ये न्यायालयापुढचा कळीचा प्रश्न हाच होता की, जी बोलू शकत नाही तिच्या वतीने बोलण्याचा अधिकार कोणाचा. तिच्याविषयी लिहिणाऱ्या लेखिकेचा तो नसून, केईएम रुग्णालयात वर्षानुवर्षे तिची शुश्रूषा करणाऱ्यांचा आहे, असे उत्तर मिळाले. उपचार थांबवण्याची परवानगी देणाऱ्या २०१८ च्या निर्णयातही रुग्णाचे इच्छापत्र पुरेसे मानलेले नाही, वैद्यक मंडळांची संमती त्याला जोडली आहे. असाध्य आजारात उपचार थांबवणे आणि कर्जाच्या तगाद्यात आयुष्य थांबवणे या दोन गोष्टी एका शब्दात मावत नाहीत. पहिलीत देहाची मुदत संपलेली असते, दुसरीत समाजाने मुदत वाढवून देण्यास नकार दिलेला असतो.

७

आगरकरांविषयी असे सांगितले जाते की, आपल्या अंत्यविधीच्या खर्चापुरते पैसे त्यांनी आधीच बाजूला काढून ठेवले होते. परलोकातील हिशेबावर ज्यांचा विश्वास नव्हता, अशा माणसाची ही कृती 'क्वायीटस'वरील एक मार्मिक भाष्य ठरते. मरणाने काही फिटत नाही. जे फेडायचे ते आधी आणि जिवंत माणसांना, एवढाच तिचा अर्थ. 'हॅम्लेट' मराठीत आणणाऱ्याने हिशेबाचे रूपक मरणाच्या बाजूने न वाचता जगण्याच्या बाजूने वाचले, असे म्हणता येईल.

समीक्षेने शब्दाची व्युत्पत्ती सांगून थांबू नये, रूपक ज्या व्यवहारातून उचलले त्या व्यवहाराच्या सर्व अटींसह ते परत तपासावे, ही अपेक्षा येथे साहित्याबाहेर पोहोचते. 'क्विएतुस एस्त' हे वाक्य खरे ठरण्यासाठी तीन गोष्टी लागत. हिशेब मांडला गेला पाहिजे, अधिकार असलेल्याने मुक्ती दिली पाहिजे आणि मुक्त झालेला माणूस उठून घरी गेला पाहिजे. मृत्यूसाठी हा शब्द वापरताना तिन्ही अटी गळतात. मरणाने हिशेब पुरा होत नाही, त्यातला एक पक्ष नाहीसा होतो. उरलेल्यांच्या हाती वही तशीच राहते, कधी सातबाऱ्यावरील बोज्याच्या रूपाने, कधी 'सुटली' म्हणून टाकलेल्या सुस्काऱ्यात दडलेल्या अपराधभावाच्या रूपाने. म्हणून एखाद्या मृताविषयी 'सुटला' म्हणण्यापूर्वी, तो जिवंत असताना त्याला सोडवण्याचा अधिकार कोणाकडे होता आणि त्यांनी तो का वापरला नाही, हे विचारणे आवश्यक ठरते. इंद्रायणीत बुडालेली आणि सुप्यात जळालेली खते या प्रश्नाची दोन उत्तरे देतात. दोन्हींत कागद नष्ट झाला आणि माणूस उरला.